बाईंची आखूड गोळी

नांदेडला भाच्याच्या प्रवेशासाठी गेले होते. प्रवेश म्हणजे कॉलेजातला नव्हे. कॉलेजात हल्ली फक्त नाव असतं, मूल क्लासमध्ये असतं. जुन्या मोंढ्याजवळच्या त्या इमारतीवर मोठा फलक होता. त्यावर गुणवत्ता यादीतली पोरं अंगठ्याएवढी आणि त्यांचे सर दरवाजाएवढे. सर बोट वर करून भविष्य दाखवत होते. त्यामुळे सदरा जरा वर गेला होता आणि कमरेच्या चामडी पाकिटातून पिस्तुलाची मूठ डोकावत होती. रसायनशास्त्र शिकवायला पिस्तूल कशाला लागतं, मला कळेना. भाचा म्हणाला, "आत्या, ते स्टाइल असतं."

पायऱ्या चढताना अडखळले. एक दगडी पायरी मधोमध झिजून वाटीसारखी झाली होती. बाकी सगळं नवं: काचेचं दार, फरशी, थंड हवेचं यंत्र. ती पायरी बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं. वर ओळीनं लाकडी कप्पे करून पोरं अभ्यासाला बसवली होती. नव्या प्लायवूडचा आणि घामेजलेल्या मोज्यांचा वास होता. त्याच्याखालून मला पितळेचा, तेलाचा आणि हिना अत्तराचा वास आला. तो तिथं असणं शक्य नाही, हे मलाही माहीत आहे. पण आला.

या जागेवर पूर्वी बंदुका-काडतुसांचं दुकान होतं. माझ्या बारावीचा निकाल इथंच लागला. परीक्षेच्या कितीतरी आधी.

तेव्हा मी लातूरला शिकत होते. तालुक्यातालुक्यांतून मुलं लातूरला येऊ लागली होती. डाळ मिलच्या गावाला नुकतंच कळू लागलं होतं की तुरीपेक्षा पोरं भरडण्यात बरकत आहे. पहाटे सायकलींच्या घंट्या, ट्यूशनच्या दारात चपलांचा ढीग आणि सगळ्या हवेत भाजल्या तुरीच्या टरफलाचा वास. आम्ही काही मुली एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी पैसे भरून राहायचो. त्यांना सगळी गल्ली 'करोडगिरीच्या बाई' म्हणायची. करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्यातलं जकातीचं खातं. राज्य गेलं, खातं गेलं, नाके गेले. नाक्यावरचे साहेब, म्हणजे बाईंचे यजमान, तेही गेले. खात्याचं नाव तेवढं बाईंना चिकटून राहिलं.

आणि एक रिव्हॉल्व्हर राहिलं.

ते लहान होतं, माझ्या तळहातात मावेल एवढं. वरची कडी उचलली की मधोमध मोडल्यासारखं उघडायचं. आत पाच घरांची चक्री. निकेलचा मुलामा जागोजाग उडून खालचं पोलाद काळंसावळं दिसायचं. दर अमावास्येला बाई ते पाटावर घेऊन बसायच्या. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, अंगावर जुनी इरकल, शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची बुधली. फाटक्या लुगड्याची पट्टी सळईला गुंडाळून नळीतून ओढायच्या. चक्री फिरवली की कट् कट् असा आवाज यायचा, नीट लावलेल्या कुलपासारखा. कापूर, मशीनचं तेल आणि विभूती यांचा मिळून जो वास व्हायचा, त्याला मी मनात 'अमावास्या' म्हणायचे.

बाईंचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मराठी शुद्ध, पण एक कानडी शब्द त्यांनी सोडला नव्हता: साकु. साकु म्हणजे पुरे. वाढताना ताटाकडे बघून साकु. गणित सोडवताना रात्री डोळे मिटायला लागले की वही बंद करून साकु. आमच्या ट्यूशनचे सर 'अजून, अजून' म्हणायचे. त्या वयात मला वाटायचं, सर महत्त्वाकांक्षी आहेत आणि बाई आळशी.

रिव्हॉल्व्हरचा परवाना स्वतःच्या नावावर करून घ्यायला गेल्या तेव्हाची गोष्ट त्या रंगवून सांगायच्या. कचेरीतल्या साहेबांनी फायलीवरून नजर न काढता विचारलं होतं, "बाई, तुम्हाला हे चालवता येतं का?" बाई म्हणाल्या, "मी आठवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवते, साहेब. त्यापुढं हे सोपं आहे." सही झाली.

पालक आपल्या मुली बाईंकडे ठेवायचे ते या रिव्हॉल्व्हरच्या भरवशावर. "बाईकडं पिस्तूल हाय" एवढं सांगितलं की मुखेड-देगलूरकडच्या आया निर्धास्त व्हायच्या. आम्हा मुलींना मात्र आतली गोष्ट माहीत होती. रिव्हॉल्व्हर रिकामं होतं. यजमानांनी ठेवलेल्या गोळ्यांवर हिरवट बुरशीसारखा थर आला, तेव्हा बाईंनी त्या रीतसर जमा करून टाकल्या. "हिरवी पडली की ती मेली," म्हणाल्या. त्याच मापाच्या नव्या कुठं मिळेनात. आणि दुसऱ्या मापाच्या बाईंना चालेनात.

मग ती गणपती बुडवल्यानंतरची पहाट आली. किल्लारीकडं जे झालं ते साऱ्या जगाला माहीत आहे. त्यापुढं आमचं काही सांगण्याजोगं नाही. आमची फक्त अंगणाची भिंत पडली आणि घराला कोपऱ्यातून आभाळ दिसेल अशी चीर गेली. आम्ही अंगणात ताडपत्रीखाली राहू लागलो. ताडपत्रीचा डांबरट वास, ओली माती, आणि मदतीच्या ट्रकमधून पडलेल्या पावांचा आंबूस वास. जमीन जरा गुरगुरली की पोरी एकमेकींचे हात धरायच्या. बाई मात्र कंदिलाची ज्योत हलते का ते बघून सांगायच्या, "हा ट्रक आहे. हा भूकंप आहे. हा नुसता तुमचा पाय हलतोय."

त्यात अफवा सुटल्या. चोर फिरतायत, पडक्या घरांतून शिरतायत. आठवडाभरात बाप मंडळी येऊन धडकली.

माझे अप्पा मुखेडहून आले. ते बोअरच्या गाडीवर मुकादम होते. गावोगाव जाऊन जमिनीला भोकं पाडायची आणि पाणी नाही लागलं तर 'अजून थोडं खोल मारू' म्हणायचं, हा त्यांचा धंदा. शिरूर अनंतपाळचे किराणा दुकानदार गुरप्पा आले; त्यांची मुलगी माझ्याच सतरंजीवर झोपायची. आणखी दोघंतिघं होते. सगळे पडक्या भिंतीच्या दगडांवर बसले.

"बाई, भित न्हाई, दार न्हाई," अप्पा म्हणाले. "आता कुणाच्या भरवशावर ठिवू पोरीला? त्या पिस्तुलाच्याच ना? भरलेलं हाय का ते?"

बाईंनी 'हो' म्हणायला हवं होतं. आम्ही सगळ्या पोरी मनातल्या मनात ओरडत होतो, हो म्हणा.

"नाही," बाई म्हणाल्या. "त्याच्या मापाची गोळी मिळत नाही."

गुरप्पांनी कपाळाला हात लावला. "म्हंजी इतकी वरसं आमी खेळण्याच्या राखणीत लेकरं ठिवली का हो?"

अप्पा माझ्याकडे वळले. "ट्रंक भर." कंधारचं एक स्थळ त्यांनी बघून ठेवलं होतं, हे मला पत्रातून कळलं होतंच. ट्रंक एकदा मुखेडच्या एसटीवर चढली की ती पुन्हा उतरणार ती कंधारला.

बाई म्हणाल्या, "नांदेडला एक जुनं दुकान आहे. तिथं मिळाली तर?"

"तर मी माझ्या डोळ्यानं बघणार. वाजवून दाखवा. वाजली तर पोरगी ऱ्हाईल."

"आमच्याबी," गुरप्पा म्हणाले. "तुमी सगळ्यांच्या वतीनं बघून या. आमी हितंच बसतो."

असे आम्ही तिघं नांदेडच्या एसटीत बसलो. बाईंच्या मांडीवर वायरची पिशवी. तिच्यात परवाना, टॉवेलात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर आणि वर केळी. अहमदपूर सोडल्यावर अप्पांनी परवाना वाचायला मागितला. "बत्तीस बोअर," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि पहिल्यांदाच हसले. "आमच्या तालुक्यात येवढे मारले आन् पाणी न्हाई लागलं."

बाईही हसल्या. खिडकीतून ज्वारी पळत होती आणि मी भौतिकशास्त्राचं एक प्रकरण मनात उजळून घेत होते, जणू ते जाता जाता परत द्यायचं आहे.

दुकानदाराला सगळे चाचा म्हणत. गोरेपान, हिना अत्तर लावलेले, बोलायला कंटाळा नाही. भिंतीवर दुनळी बंदुका, काचेखाली पितळी काडतुसं मिठाईसारखी मांडलेली. "आओ बाई, आओ. करोडगिरीवाले साब के घर से ना? बैठो." रिव्हॉल्व्हर उघडून त्यांनी डोळ्याशी धरलं. "वा! क्या रखे हैं आप इसकू. पन इसकी छोटी गोली अब कां मिलती? बनानेवाले गए, चलानेवाले भी गए."

त्यांनी काउंटरवर मखमली तुकडा अंथरला आणि त्यावर एक गोळी उभी केली. "ये लंबी. येच चलती अब सब जगा."

लांब गोळी चक्रीच्या घरात घातली, तर थोडी बाहेर राहिली.

अप्पांचा चेहरा उजळला. हे त्यांचं क्षेत्र होतं. "येवढंच ना? घर खोल करून घेऊ की! लेथवर न्यायचं, जरासं खोल बोअर मारायचं. बसंल." आमच्या भागात न बसणाऱ्या, न मिळणाऱ्या आणि न सुटणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर हा एकच इलाज आहे.

"करते लोगां," चाचांनी मान डोलावली.

"नको," बाई म्हणाल्या. "लांब गोळीत दारू जास्त. हे पोलाद आखूड गोळीसाठी केलेलं आहे. ही वरची कडी बघा, केवढीशी आहे. धक्का तिनं सोसायचाय."

"तो ये लेव." चाचांनी दुसरी गोळी ठेवली. नवीकोरी, चकचकीत, तांब्याच्या कवचाची. "पिस्तौल की है. बत्तीसच है. इसमें बैठती."

ती खरंच बसली. लेथ नको, काही नको. अप्पांनी चक्री स्वतः फिरवून बघितली. "बसली की! बाई, बसली! आता काय अडलं?"

"बसली," बाई म्हणाल्या. "पण झेपणार नाही. ही नव्या पिस्तुलासाठी आहे. हिचा जोर ह्या म्हाताऱ्याला सोसायचा नाही. एखाद्या वेळी वाजेलही. कुठल्या वेळी कडी उघडून तोंडावर येईल ते सांगता येत नाही."

"एकदाच वाजवायचीय!" अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात चिडण्यापेक्षा विनवणी जास्त होती, हे मला आता जाणवतं. त्यांनाही मुलगी परत न्यायची नसावी. त्यांना फक्त एक आवाज हवा होता, जो ऐकून माणूस घरी जाऊ शकतो.

मीही बाईंकडे बघत होते. एकच आवाज, बाई. तुमचं घर राहील, माझी ट्रंक राहील.

बाईंनी ती चकचकीत गोळी घरातून काढली, पदरानं पुसली आणि मखमलीवर परत ठेवली. "चाचा, माळ्यावर बघा. आखूड असेल एखादं खोकं."

खोकं निघालं. पुठ्ठा मऊ पडलेला, उघडताच जुन्या कपाटाचा वास. बाईंनी चष्मा लावला आणि तांदूळ निवडावे तशा गोळ्या निवडायला बसल्या. साध्या शिशाच्या, बोथट, राखाडी. हिरवट दिसली की डावीकडं. मानेशी चीर दिसली की डावीकडं. बुडाची टोपी आत दबलेली दिसली की डावीकडं. डावीकडचा ढीग वाढत गेला. उजवीकडं शेवटी मूठभरही उरल्या नाहीत. मी इतकं लक्ष देऊन आयुष्यात फार थोडी माणसं काम करताना पाहिली आहेत. त्यात घाई नव्हती, दिखावा नव्हता. आपलं घर ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट त्या दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी तपासत होत्या.

दुकानाच्या मागं चाचांचं वाळूनं भरलेलं पिंप होतं, चाचणीसाठी. आम्हाला त्यांनी मागं उभं केलं. बाईंनी चक्रीत एकच गोळी घातली, पदर खोचला, दोन्ही हातांनी मूठ धरली. इरकल नेसलेल्या, विभूती लावलेल्या माझ्या बाई पिंपावर नेम धरून उभ्या होत्या आणि त्यात नाटकी असं काहीही नव्हतं. कणीक मळायला उभं राहावं तशा त्या उभ्या होत्या.

घोडा पडला.

फुस्स.

एवढंच. फटाक्याची वात विझावी तसा आवाज. नळीशी जरासा धूर.

अप्पा हताश हसले. "फुसका! बाई, दुसरी घाला की. मारा पटकन."

बाई हलल्या नाहीत. नळी वाळूकडंच. अप्पा पुन्हा म्हणाले, "अवो, मारा दुसरी! एखादी तर वाजंल!" चाचाही म्हणाले, "दूसरी डालो बाई, होता ऐसा."

"साकु," बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं त्यांनी कडी उचलली, टरफल काढलं आणि नळी उजेडाकडं धरून चाचांना दाखवली. नळीतून उजेड येत नव्हता.

"गोळी निघाली, पण बाहेर आली नाही. मधेच अडकलीय. वर दुसरी मारली असती तर नळी फुटली असती."

बाईंनी अप्पांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "तुमची अट होती वाजवून दाखवायची. मला नाही जमलं. हिची ट्रंक मी भरून देते."

अप्पांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. उजेडाकडं धरून त्या बुजलेल्या नळीत किती तरी वेळ बघत राहिले.

"बिट अडकल्यागत झालंय," ते हळूच म्हणाले. मग चाचांना समजावून सांगावं तसं, "बोअरमधी दगड फोडायचं बिट अडकतं ना, तवा मालक वरून वरडत असतो, मार जोर, मार जोर. आन् एखादा गडी मारतो. गाडी जाती, बोअर जातो. आमच्या एका पोराचा हात गेला. थांब म्हणणारा कुणी नव्हता तिथं." नळी खाली करून म्हणाले, "मी होतो. मीबी थांब म्हणलो न्हाई."

चाचांनी पितळी सळईनं ठोकून शिसं बाहेर काढलं. शेंगदाण्याएवढा तो राखाडी तुकडा वाळूवर पडला. बाकीच्या निवडलेल्या गोळ्या बाईंनी नको म्हणून परत केल्या. एका खोक्यातली एक अशी निघाली की बाकीच्यांवर भरवसा राहत नाही, म्हणाल्या. चाचा म्हणाले, "बाई, वो नई गोली डालके ले जाव, किसकू मालूम पडता?" बाईंनी रिकामं रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळलं आणि वर केळी ठेवली.

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मध्येच त्यांनी विचारलं, "बाई, ती चकचकीत गोळी भरून तुमी वाजवली असती तर मी काय वळखणार होतो?"

"तुम्ही नसतं ओळखलं," बाई म्हणाल्या. "मला माहीत असतं. आणि पुढच्या वेळी ह्या पोरी शेजारी असत्या."

अप्पांनी केळं सोललं, अर्धं मला दिलं. ट्रंकेचं काहीच बोलले नाहीत. मी विचारायचं धाडस केलं नाही. चाकूरच्या उतारावर संध्याकाळचा उजेड शेतावर पडला होता, कुठंतरी काड पेटवल्याचा वास येत होता. हे सगळं मी शेवटचं बघत आहे असं समजून इतकं नीट बघितलं की अजून जसंच्या तसं आहे.

अभ्यासिकेतल्या त्या थंड हवेत भाचा मला म्हणाला, "आत्या, फॉर्म भरायचा ना?" कप्प्यांमधून मुलं मान खाली घालून बसली होती. कोण त्यांच्यात काय भरत होतं, कुणाला काय झेपत होतं, बाहेरून कळायला मार्ग नव्हता. मी त्याला म्हटलं, जरा थांब. आपण आधी बाहेर जाऊन चहा पिऊ, आणि तुला खरंच हे हवंय का ते मला सांग. तो चकित झाला. त्याला हे आजवर कुणी विचारलं नसावं.

त्या दिवशी लातूरला आम्ही उतरलो तेव्हा बाकीचे बाप अंगणात तसेच बसले होते. मुलींनी ताडपत्रीखाली आपापल्या ट्रंका भरून ठेवल्या होत्या. वर कड्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या. बाईंनी पिशवी खाली ठेवली. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तोच अप्पा त्यांच्या पुढं येऊन उभे राहिले.

गुरप्पा दगडावरून उठले. "काय झालं हो? वाजलं का?"

अप्पांनी कानात करंगळी घालून जोरात हलवली.

"जरा मोठ्यानं बोला, गुरप्पा," ते म्हणाले. "कान बसलेत माझे."